अजून नेमलेच नसलेले परीक्षक

"मॅडम, साहित्य सगळं जमलंय, मुलाखती झाल्यात, गाइडही चांगले आहेत. फक्त लिहून होत नाही." समुपदेशक म्हणून पीएच.डी. करणाऱ्यांकडून हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यामागून येणारा प्रश्नही मला ठाऊक असतो: "माझी लायकीच नसेल का हो?" विचारणारे कधी कलिन्याच्या मुंबई विद्यापीठातले असतात, कधी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवून रात्री प्रबंधाला बसणारे. त्यांच्यापैकी एकीची हकिकत तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

ती चाळिशीच्या आतबाहेरची, डोंबिवलीची. विषय गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायकांचा. तिसरं प्रकरण दीड वर्ष अडलेलं. घरचे आधी "होईल गं" म्हणायचे, आता विषयच काढत नव्हते, आणि तेच तिला जास्त लागत होतं.

पहिल्या भेटीत मी लिखाणाबद्दल फारसं विचारत नाही. झोप, भूक, रडू येणं आणि जगणं नकोसं वाटतं का, हे विचारते. यातलं काही गंभीर असेल तर प्रबंध बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञ. शासनाची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. हिच्याबाबतीत तसं काही नव्हतं. झोप मात्र मुदतीच्या धास्तीने उडाली होती. "मुदत नेमकी कधी संपते?" विचारलं, तर तिला सांगता येईना. हेही मी नेहमी पाहते. धास्ती मोठी असते आणि नियम कुणी वाचलेला नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, 2022 च्या नियमांत कमाल मुदत सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन आणि महिला संशोधकांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. आपली नोंदणी कोणत्या नियमाखाली आहे हे विद्यापीठात विचारून कागदावर लिहून आणा, एवढंच काम पहिल्या आठवड्याला दिलं.

दुसऱ्या वेळी लॅपटॉप मागवला. तिसऱ्या प्रकरणाचं पहिलं पान उघडलं. पहिला परिच्छेद निर्दोष होता. इतका घासूनपुसून घेतलेला, की लिहिणारीला काय म्हणायचंय ते त्यात कुठे उरलंच नव्हतं. दुसरा परिच्छेद अर्ध्या वाक्यावर थांबलेला. सगळी रात्र पहिल्यावरच जात होती.

"हा कोणासाठी लिहिलाय?"

"एक्स्टर्नलसाठी, बाहेरच्या परीक्षकांसाठी."

"कोण आहेत ते?"

ती थांबली. "अजून नेमलेलेच नाहीत. प्रबंधाचा सारांश, सिनॉप्सिस, दिल्याशिवाय परीक्षकांचं पॅनेल कुठे ठरतं?"

"मग दीड वर्ष तुमची वाक्यं कोण खोडतंय?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाला गप्प बसता आलं पाहिजे, आणि ते मला आता चांगलं जमतं. मग तिनेच सांगितलं: सल्लागार समितीपुढच्या एका सादरीकरणात कुणीतरी म्हणालं होतं, "हे गोष्टीसारखं वाटतं, संशोधनासारखं नाही." बाकीच्यांनी काय म्हटलं ते तिला आठवतही नव्हतं. त्या एका माणसाला तिने घरी आणलं, खुर्चीशेजारी बसवलं आणि प्रत्येक वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्याला दाखवू लागली.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली आणि मुंबईत डॉ. कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ विचारसरणी माझ्या कामाचा पाया आहे. तिचं सांगणं साधं आहे: आपण इच्छेची सक्ती करतो आणि तिथे अडतो. "प्रकरण चांगलं व्हावं" ही इच्छा माणसाला कामाला लावते. "पहिल्याच खेपेला चांगलं झालंच पाहिजे, नाहीतर मी नालायक" ही सक्ती त्याच माणसाला जागच्या जागी खिळवते. माझा स्वतःचा अनुभव याच्या एक पाऊल पुढचा आहे. प्रबंध लिहिणाऱ्यांची सक्ती बहुतेकदा उसन्या आवाजात बोलते. तो आवाज कोणाचा हे ओळखल्याशिवाय नुसतं वेळापत्रक आखून काही होत नाही.

त्या दिवशी मी लॅपटॉप मिटवला. "मला सांगा, तुम्हाला काय सापडलं?" ती सांगू लागली. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार या बायकांकडे महिन्याच्या बोलीवर जेवत, पैसे पगाराला. तोवर बाई वाण्याकडून उधारीवर धान्य उचलणार किंवा सावकाराचं व्याज भरणार. याच बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. मग 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि जेवणारे गावी निघून गेले. एका आजींनी त्या काळातली उधारीची वही अजून जपून ठेवली आहे. तेल पिऊन काळी पडलेली, सुतळीने बांधलेली. येणं बुडालं हे त्यांना कधीच कळलंय, पण एकही नाव त्यांनी खोडलेलं नाही. "का नाही खोडलं विचारलं, तर म्हणाल्या, जेवले ते खोटं का?" हे सांगताना तिचा चेहरा उजळला होता.

"हे तिसऱ्या प्रकरणात कुठे आहे?"

"नाहीये. हे कसं घालणार?"

"आत्ता जसं सांगितलंत तसं. रात्री फोनवर बोलून टाईप करा. संदर्भ नाही, तळटीप नाही. आणि ते कच्चं पान न सुधारता गाइडना पाठवा."

यावर ती हादरली. मुद्दाम सांगितलं होतं मी. एलिस यांना तरुणपणी स्त्रियांशी बोलायची भीती वाटे, तेव्हा 19 व्या वर्षी न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात जाऊन ते शंभरेक अनोळखी स्त्रियांशी ठरवून बोलले. हाती काही लागलं नाही, पण भीती गेली. कच्चं पान पाठवणं ही प्रबंधातली तीच कसरत आहे.

याच जाळ्यात असणाऱ्यांना मी आग्रहाने आणखी काही सांगते. रविवारच्या भरवशावर राहू नका. रविवारी मेगाब्लॉक असतो, पाहुणे असतात, आणि सहा दिवसांचं ओझंही त्याच एका दिवसावर पडतं. रोज अर्धा तास, ठरलेल्या जागी, एवढंच धरा. उठताना पुढच्या वाक्याचे पहिले दोन-तीन शब्द लिहून ठेवा, म्हणजे उद्या कोऱ्या पानापुढे बसावं लागत नाही. लिहायच्या वेळेत नवा लेख वाचायला घेऊ नका. वाचन ही अतिशय प्रतिष्ठित पळवाट आहे. घरी जागा नसेल तर एखाद्या ग्रंथालयात मैत्रिणीसोबत बसा, दोघींचे फोन पिशवीत. गाइडना "बघून सांगा" म्हणून अख्खं प्रकरण धाडू नका. "हा पुरावा माझ्या म्हणण्याला पुरतो का?" असं एक पान आणि एक प्रश्न पाठवा, म्हणजे उत्तर लवकर येतं.

साम्य तपासणीची, म्हणजे आपला मजकूर आधीच्या लिखाणाशी किती जुळतो ते पाहण्याची, भीतीही अनेकांचा हात धरून ठेवते. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. नीट श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची त्या मोजणीत धरत नाहीत. तरीही आकडा खाली आणायला मुलं सरळ वाक्य पिरगाळून ठेवतात, तेव्हा वाईट वाटतं.

तिने पान पाठवलं. दुसऱ्या दिवशी गाइडचा फोन आला: "हेच प्रकरणाच्या सुरुवातीला घ्या." दिवाळीच्या आधी तिसरं प्रकरण पूर्ण झालं आणि लाल खुणांसह परत आलं. ते चाळत ती माझ्यासमोर बसली होती. खुणा भरपूर होत्या. मी विचारलं, "कसं वाटतंय?"

"बऱ्याचशा बरोबर आहेत, त्या करून टाकीन. दोन मला पटलेल्या नाहीत. गुरुवारी सरांकडे जातेय, आजींची वही घेऊन."