आधी दार दाखव

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री जिन्यात भेटलात तेव्हा धाकटी तुझ्या खांद्यावर झोपली होती, थोरल्याच्या हातात पॉपकॉर्नचा अर्धा डबा आणि जावईबापू चार पायऱ्या पुढे. मी विचारलं, कसा होता पिक्चर? तू म्हणालीस, ‘काका, मध्यंतरापर्यंत बरा होता.’ मग कुलपात किल्ली फिरवता फिरवता म्हणालीस, ‘मुलं दहा वर्षांची होईपर्यंत आता थिएटर बंद.’ ते वाक्य चार दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो. समोर बोललो असतो तर तुझ्या काकूने मला मध्येच तोडलं असतं.

मध्यंतरात उठून आलात हे त्या दिवसातलं एकच काम तुम्ही बरोबर केलंत. पण ते असं केलंत की जणू दुकानात चोरी करताना पकडले गेलात. तोंडं पडलेली, एकमेकांशी अबोला, आणि ते सगळं थोरल्याने नीट बघितलंय. पुढच्या वेळी कंटाळा आला तरी तो बोलणार नाही. दात आवळून बसेल. मुलांना घेऊन पिक्चरला जायचं तर मध्येच उठता आलं पाहिजे. बाकीचं मागाहून.

मी थिएटरात पिक्चरचं मशीन चालवणारा ऑपरेटर होतो हे तुला माहीत आहे. त्याआधी दोन वर्षं टुरिंग टॉकीजमध्ये रिळांच्या पेट्या उचलायला होतो, हे नसेल. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तंबू लागायचा. खाली जमीन, घरून आणलेली चादर किंवा पोतं, बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या. आणि पोरं? पोरं सगळीकडे. झोप आली की आईच्या मांडीवर, भूक लागली की कनातीखालून बाहेर, भजी घेऊन परत आत. कुणी कुणाला गप्प केलं नाही. तीन तास अंधारात एका खुर्चीत हालचाल न करता बसायचं, हा कायदा पक्क्या थिएटरांबरोबर आला, आणि आम्ही तो असा पाळला जणू पोथी वाचन चाललंय.

पुढे पक्क्या थिएटरात लागलो. दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटं चालतं. केबिनच्या काचेतून खाली बघितलं की दर रिळाला एखादं पोर खुर्चीवर उलटं उभं राहिलेलं दिसायचं. पडद्याकडे पाठ आणि नजर माझ्या खिडकीतून निघणाऱ्या झोतावर. त्या झोतात धूळ फिरते, कुणी बिडी ओढत असेल तर धुराच्या वेटोळ्या दिसतात. पोर हात वर करून उजेड धरायला बघायचं. मग शेजारून एक हात यायचा आणि त्याला धरून सरळ करायचा. ‘पुढे बघ. पैसे दिलेत.’ अगं, त्याचा पिक्चर मागेच चालला होता! मला मोठी मजा वाटायची. कधीकधी मी काचेमागून हात हलवायचो.

हे ‘पैसे दिलेत’ आहे ना, ते काढून टाक. डोअरकीपरने तिकीट फाडलं की पैसे गेले. आता तुमच्या मोबाइलवर तो काळा-पांढरा चौकोन दाखवला की गेले. पुढचे दीड तास पोराला दामटून बसवलं म्हणून काउंटरवाला त्यातला एक रुपया परत देत नाही. चार तिकिटांचे पैसे जड जातात, मी नाही कुठे म्हणतो? जड जात असतील तर वर्षातून दोनदाच जा. पण ज्या दिवशी जाल त्या दिवशी उठायची तयारी करूनच घराबाहेर पडा.

तुला वाटेल, म्हातारा शहाणपण शिकवतोय. मग ऐक. 1994 साल असेल. मालकांनी नवा साउंड बसवला होता आणि पहिल्या रविवारी सहाच्या खेळाला स्टाफच्या घरच्यांना बाल्कनीचे पास दिले. आमची मुलगी चार वर्षांची. पहिल्याच हाणामारीला ती घाबरली. तुझी काकू तिला घेऊन केबिनच्या लोखंडी जिन्याशी आली. मी वरून ओरडलो, ‘जा, बसून राहा. मालक खाली उभेत, काय म्हणतील?’ ती परत गेली. मुलगी पूर्ण खेळभर आईच्या पदरात डोकं खुपसून बसली, आणि उठली तेव्हा फ्रॉक ओला होता.

माझीही बाजू आहे, तीही ऐकून घे. रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका येतो, तेव्हा दुसरं मशीन सुरू करावं लागतं. चुकलं तर पडदा पांढरा आणि खाली शिट्ट्या. मी केबिन सोडून कसा येणार होतो? पण मी खाली यायची गरजच नव्हती. ‘घरी जा’ हे दोन शब्द वरूनही बोलता आले असते. काकूचं म्हणणं असं की मी मालकांना घाबरलो होतो. तेवढं मला मान्य नाही. अर्धं आहे.

ती मुलगी आज नाशिकला आहे, तिला स्वतःचा मुलगा आहे. पिक्चरचं नाव काढलं की म्हणते, ‘बाबा, येईल की मोबाइलवर.’ ऑपरेटरची मुलगी!

बरं, कामाचं. अंधार व्हायच्या आधी पोहोचा. जाहिराती चुकवायच्या म्हणून उशिरा जातात लोक, हा गाढवपणा आहे. मुलाला दिवे लावलेला हॉल बघू दे, पडदा केवढा आहे ते बघू दे. मग आधी दार दाखव. ‘हे दार. कंटाळा आला, शू आली, भीती वाटली, तर आपण इथून जायचं.’ दार माहीत असलेलं मूल जास्त वेळ बसतं, हे मी वरून पाहिलंय. राष्ट्रगीत लावत असतील तर थोरला खुर्चीवर उभा राहून म्हणेल, त्याला म्हणू दे. तिकीट काढताना कडेची जागा घे, पण भिंतीकडची नको, तिथे सराउंडचे स्पीकर थेट पोराच्या कानावर. मधल्या वाटेकडची घे, मागून तिसरी-चौथी रांग. पडद्यामागचा एकेक स्पीकर 85 डेसिबलच्या हिशेबाने जुळवतात आणि दणक्याला तो 105 पर्यंत चढू शकतो. तुझी धाकटी घरात मिक्सर लावला तरी कान झाकते.

सर्टिफिकेट बघच. 2024 च्या नियमांनी यूएचे, म्हणजे मुलाला दाखवायचा का ते आईबापांनी ठरवायच्या पिक्चरचे, वयाप्रमाणे 7, 13 आणि 16 असे तीन भाग झालेत, ते चांगलं झालं. पण नुसतं ‘यू’ आहे म्हणून साडेतीन वर्षांच्या पोरीला अडीच तास झेपेल असं सेन्सॉर बोर्डाने कुठेही लिहून दिलेलं नाही. तिरुवनंतपुरमला सरकारी कैरळी थिएटरात 2022 मध्ये रडणाऱ्या बाळांसाठी काचेची वेगळी खोली केली, आईबाप आत बसून पिक्चर बघतात. आपल्याकडे होईल तेव्हा होईल. तोवर आपली खोली म्हणजे बाहेरचा पॅसेज.

आणि उठलात की हसत उठा. ‘उरलेलं घरी जाऊन आपण रचू,’ असं म्हण थोरल्याला. नवऱ्याला शेवट बघायचाच असेल तर त्याला बसू दे, तू धाकटीला घेऊन बाहेर ये. पुढच्या वेळी तो उठेल, तू बस. यात रुसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. काकू म्हणते, मला कळणार नाही, कारण बावीस मिनिटांच्या वर एका जागी मी स्वतःच कधी बसलेलो नाही, आणि माझ्या खोडीचं मी तत्त्वज्ञान केलंय. म्हणू दे. उठता आलं पाहिजे.

येत्या रविवारी सकाळचा खेळ काढ. पाच तिकिटं. कडेच्या खुर्चीवर मी बसतो, धाकटीसोबत.

तुझा,
काका

ता. क. लहान मुलापुरतं खाणं थिएटरात नेता येतं. जानेवारी 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने बाहेरचं खाणं अडवायचा हक्क थिएटरवाल्यांना दिला, पण पिण्याचं पाणी फुकट द्यायचं आणि मुलासाठीचं बेताचं खाणं अडवायचं नाही, हेही त्यातच आहे. दारावर कुणी डबा उघडायला लावला तर शांतपणे सांग. आणि चपला काढू देऊ नकोस गं. अंधारात घाईने उठायचं म्हटलं की एकच सापडते. आमच्या केबिनच्या जिन्याखाली अशा एकेकट्या बारक्या चपलांचं खोकं भरलेलं होतं. न्यायला कधी कुणी आलं नाही.