सगळे ‘समजलं’ म्हणतात आणि चाचणीत पेपर कोरा

सेकंड इयरला आहेस, वस्तीतल्या अभ्यासिकेत दहावीच्या मुलांना गणित शिकवतोस, सगळे ‘हो दादा समजलं’ म्हणतात आणि चाचणीत पेपर कोरा, म्हणून सोडून देऊ का असं विचारलंयस. सोडू नकोस रे. मी पुण्यात इंजिनिअरिंग करताना तीन वर्षं दर रविवारी हेच केलंय आणि पहिले चार महिने माझंही अगदी असंच चाललं होतं.

आधी ‘समजलं का’ विचारणं बंद कर. पोरं नाही म्हणतच नाहीत, दादाला वाईट वाटेल म्हणून आणि शेजारचा हसेल म्हणून. खडू खाली ठेव, त्यांच्या वहीत त्यांनाच सोडवू दे आणि तू नुसता बाजूला बसून बघ. मधे बोलायचं नाही, हेच सगळ्यात अवघड जातं.

माझ्याकडे एक मुलगी होती, वर्गसमीकरणाचं सूत्र घडाघडा पाठ. एक्स वर्ग वजा ७ एक्स अधिक १२ बरोबर शून्य, हे तिला दिलं. तिने वजा ७ चा वर्ग अधिक ४९ ऐवजी वजा ४९ केला, त्यातून ४ गुणिले १२ म्हणजे ४८ वजा केले, विवेचक (सूत्रात वर्गमुळाखाली येणारी संख्या) आला वजा ९७, आणि खाली सुंदर अक्षरात लिहिलं, मुळे वास्तव नाहीत, म्हणजे एक्सला वास्तव संख्येत उत्तरच नाही. आता असं उत्तर पुस्तकात खरंच असतं ना, त्यामुळे तिला शंका यायचं कारणच नव्हतं. मी हाच प्रकार तीनदा फळ्यावर करून दाखवला होता, उपयोग शून्य. मग म्हटलं एक्सच्या जागी ३ ठेव बघू. ९ वजा २१ अधिक १२, बरोबर शून्य. ती थांबली, परत केलं, आणि म्हणाली, ‘ताई, मूळ तर आहे की!’ मग वर्ग करताना वजा ७ भोवतीचा कंस कुठे राहिला ते तिनेच मागे जाऊन शोधलं. तिची गाडी दहावीत अडलीच नव्हती, सातवीतल्या पूर्णांकांच्या गुणाकारात अडली होती, आणि मी तिच्या डोक्यावर दहावी रचत बसले होते.

म्हणून कोऱ्या पेपरपेक्षा चुकलेला पेपर शंभर पटीने बरा, चूक दिसली की कुठून धरायचं ते कळतं. चुकलेलं खोडायला लावू नकोस, रबर बाजूला ठेवायला सांग.

आणि खाडे करू नकोस. माझी इनसेम (सेमिस्टरच्या मधली परीक्षा) आणि सबमिशन एकदम आली तेव्हा मी न सांगता दोन रविवार गेले नाही, तिसऱ्या रविवारी अकरापैकी चारच मुलं आली, बाकीच्यांना वाटलं ताईने पण सोडलं. त्यांच्या घरी जाऊन बोलवावं लागलं, फार वाईट वाटलं तेव्हा. परीक्षा असेल तर आधी तारखेनिशी सांग, मुलं समजून घेतात.

ज्याला एखादं गणित नुकतंच जमलंय त्याला दुसऱ्याशेजारी बसव, ते एकमेकांना असे प्रश्न विचारतात जे तुला कधीच विचारणार नाहीत.

पोर्शनची घाई आत्ता करू नकोस, गणित भाग १ चा, म्हणजे बीजगणिताचा, पेपर ४० मार्कांचा आहे आणि पाया नसेल तर त्यातलं काहीच हाती लागत नाही. येत्या रविवारी फक्त एक छेद दोन अधिक एक छेद तीन दे सगळ्यांना. कुणाकुणाचं उत्तर पाच छेद सहा ऐवजी दोन छेद पाच येतंय ते बघ, त्यांच्यापासून सुरुवात कर.