तुमचे प्रश्न: खडीतला खळगा आणि दगडातलं बटण

प्रश्न: आम्ही मिनियापोलिसजवळ राहतो. इमारतीभोवती झाडांच्या बुंध्यांशी शोभेचे दगड पसरलेले आहेत. माझी मुलं (वय ६ आणि ९) रोज खिसे भरभरून आणतात. एका काळपट दगडात लिंबू बसेल एवढा गोल खळगा आहे, कुणीतरी कोरल्यासारखा. दुसऱ्यात मधे भोक असलेली, बटणाएवढी चकती रुतलेली आहे. काय असेल हे? की टाकून देऊ?

उत्तर: अहो, टाकू नका! दोन्ही दगड जपून ठेवा.

आधी खळग्याचा. दगड करडा-काळा, बारीक कणांचा आणि हाताला जड लागत असेल, खळगा वाटीसारखा अर्धगोल असेल, तर तो बहुधा ‘ओमार’ आहे. कॅनडातल्या हडसन उपसागरात बेल्चर बेटं आहेत, तिथे ओमारोलुक नावाचा खडक आहे. त्याच्या गाळात चुन्यानं घट्ट झालेल्या गोल गाठी होत्या. पुढे चुना विरघळला, गाठ झडली आणि नुसता साचा उरला. हिमयुगात हिमनद्यांनी हे दगड दक्षिणेला ढकलत आणले. बेल्चर बेटं तुमच्यापासून सुमारे दीड हजार किलोमीटरवर आहेत. धाकट्याला नकाशावर बोट फिरवून ही वाट दाखवा.

चकती क्रिनॉइडच्या देठाची असावी. नाव अवघड, पण प्राणी गोड: तारामाशाचा नातलग, समुद्रतळाला देठानं चिकटून फुलासारखा उभा राहणारा. मेल्यावर देठाचे मणी सुटे होतात. तुमच्या भागात साधारण ४५ कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्र होता, तिथल्या चुनखडीत असे मणी सापडतात. दगड चुनखडीचा आहे का, हे पाहायला मागच्या बाजूला व्हिनेगरचा एक थेंब टाका. बुडबुडे आले तर चुनखडी. चकतीवर मात्र थेंब पडू देऊ नका, ती झिजेल.

मी भूशास्त्र शिकवत असे. मुलीकडे, तुमच्या शेजारच्या सेंट पॉलला होते, तेव्हा पाऊस थांबला की नातवाला घेऊन अशाच खडीपाशी उकिडवी बसत असे. ओल्या दगडांत अकीक पटकन दिसतो: लालसर, मेणासारखा, उन्हाकडे धरला की कडेनं उजेड आत शिरतो. तो सुपीरियर सरोवराकडचा, ११० कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत तयार झालेला. १९६९ मध्ये तुमच्या मिनेसोटा राज्यानं त्याला राज्यरत्न ठरवलं. नातवानं तो माझ्या पेटीतल्या पुण्याच्या अकीकाशेजारी ठेवला आणि किती वेळ दोन्हींच्या पट्ट्या मोजत बसला. आपल्या काळ्या पाषाणातही पोकळ्या अशाच भरतात, फक्त आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मला तो तासभर अजून आठवतो.

शोभेची खडी ट्रकनं कुठूनही येते, म्हणून दगड कुठला हे फक्त तो कुठे मिळाला यावरून सांगता येत नाही. इमारत सांभाळणाऱ्यांना विचारा, खडी कुठल्या खाणीतली आहे, आणि दगड उचलायची परवानगीही त्यांच्याकडूनच घ्या. मग तारीख आणि जागा लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक दगडासोबत ठेवा. थोरल्याचं अक्षर चालेल.

धुवायला साधं पाणी आणि जुना टूथब्रश पुरतो. तेल लावून चकाकी आणू नका. आणि ती चकती सुईनं उकरून काढायचा मोह मुलांना होईल. तिला तिच्या दगडातच राहू द्या.