डॉक्टरांनी सकाळीच डिस्चार्ज सांगितला, मग कॅशलेस पेशंटला घरी जायला रात्र का होते? नातेवाइकांना काय करता येतं?

तुम्ही लिहिलंय की दहाच्या राउंडला डॉक्टर ‘आज घरी जा’ म्हणाले आणि गेटपास हातात पडायला रात्रीचे आठ वाजले. विमा कंपनीने तीन तासांत मंजुरी द्यायचा नियम असताना असं का, हा तुमचा प्रश्न.

नियम आहे. विमा नियामक आयआरडीएआयच्या २९ मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. त्यापुढे उशीर झाला आणि रुग्णालयाने त्यापायी जादा आकारणी केली, तर ती रक्कम विमा कंपनीने भागधारकांच्या निधीतून सोसायची. पण हे तीन तास रुग्णालयाची विनंती कंपनीकडे पोहोचल्यापासून मोजतात, डॉक्टरांच्या तोंडी होकारापासून नाही. तुमचे पहिले तीन-चार तास बहुधा रुग्णालयाच्या आतच गेले असणार.

आत काय होतं? डॉक्टर पुढच्या पेशंटकडे जातात. डिस्चार्ज समरी आरएमओ, म्हणजे वॉर्डातला निवासी डॉक्टर, लिहितो आणि त्याच्याकडे त्या सकाळी असे चार-पाच पेशंट असतात. समरीवर कन्सल्टंटची सही लागते, आणि तोवर कन्सल्टंट ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) किंवा दुसऱ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत पोहोचलेले असतात. दुसरीकडे वॉर्डातली न वापरलेली औषधं, सलाइन, सिरिंज मेडिकलला परत जातात. मेडिकलने ती मोजून सिस्टिममध्ये जमा करेपर्यंत फायनल बिल बंद करता येत नाही. रेफरन्सला आलेल्या डॉक्टरांच्या व्हिजिटची नोंद राहिलेली असते, एखादा रिपोर्ट लॅबमध्ये अडकलेला असतो. गुडघ्याचं ऑपरेशन किंवा अँजिओप्लास्टी असेल तर इम्प्लांटचा किंवा स्टेंटचा स्टिकर आणि पुरवठादाराचं इन्व्हॉइस हवं. रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी ते इन्व्हॉइस आलेलं नसतं, आणि एवढ्या एका कागदासाठी पूर्ण फाइल थांबते.

त्यामुळे खरं काम आदल्या दिवशीचं आहे. संध्याकाळच्या राउंडला स्पष्ट विचारा, ‘उद्या नक्की सोडणार का?’ हो म्हणाले तर सिस्टरना औषधांचं रिटर्न रात्रीच करायला सांगा, उद्या सकाळच्या डोसपुरतंच ठेवा. आरएमओंना समरीचा कच्चा मसुदा करून ठेवायची विनंती करा. शेवटची रक्ततपासणी असेल तर पहाटेच रक्त घेतलं जाईल असं बघा. बिलिंगकडून इंटरिम, म्हणजे तोपर्यंतचं, बिल घ्या आणि ओळ न् ओळ तपासा, कारण बिलाची चूक फायनल झाल्यावर सापडली तर सगळा क्रम पुन्हा सुरू होतो. टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) डेस्कला एकच प्रश्न: खर्च पहिल्या मंजुरीच्या वर गेलाय का, आणि गेला असेल तर वाढीव रकमेची विनंती पाठवली का? ती डिस्चार्जच्या दिवशी पाठवली की क्वेरी, म्हणजे कंपनीकडून उलट विचारणा, जवळपास ठरलेली.

क्वेरी येण्याची आणखी कारणं ठरावीकच असतात. भरतीच्या वेळचं निदान आणि समरीतलं निदान जुळत नाही. केसपेपरवर एका ठिकाणी ‘मधुमेह २ वर्षं’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘१० वर्षं’ असं लिहिलेलं असतं, कारण रात्री भरती करताना मुलाने एक सांगितलं आणि सकाळी आईने दुसरं. बीपी-शुगर कधीपासून आहे ते घरच्यांनी आपसात ठरवून, जुने कागद बघून, खरं आणि एकच सांगावं. अपघात असेल तर एमएलसीची (मेडिको-लीगल नोंदीची) प्रत लागते. आधारवरचं आणि पॉलिसीवरचं नाव वेगळं असेल तर तेही अडतं. क्वेरी आली की तिची प्रत मागा. उत्तर बहुतेकदा डॉक्टरांनी लेटरहेडवर द्यायचं असतं, आणि ती क्वेरी त्यांच्यापर्यंत पोहोचलेलीच नसते. ती घेऊन तुम्हीच जा.

बिल अपलोड झाल्याची वेळ आणि क्लेम नंबर लिहून घ्या. तास-दीड तासाने टीपीएच्या हेल्पलाइनला स्वतः फोन करा. ‘बिल मिळालंच नाही’ आणि ‘मंजुरी केव्हाच पाठवली’ ही दोन्ही उत्तरं मिळू शकतात. तीन तास उलटले तर विमा कंपनीच्या तक्रार विभागाला वेळांसकट ईमेल टाका. नंतर आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार करताना तोच पुरावा.

मंजुरी आल्यावरही अर्धा तास पैशांत जातो. ग्लोव्हजसारख्या विम्यात न मिळणाऱ्या वस्तू, को-पे (बिलातला आपला ठरलेला वाटा) आणि खोलीभाड्याची कपात खिशातून द्यावी लागते. पॉलिसीत प्रमाणशीर कपातीची अट असेल, खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० ची असेल आणि खोली ८,००० ची घेतली असेल, तर डॉक्टर फी, ओटी वगैरेही पाच-अष्टमांशच मिळतं. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना मात्र ही कपात लावता येत नाही. लावली असेल तर जरूर हरकत घ्या. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख रुग्णालय घेऊ शकत नाही, म्हणून कार्ड किंवा यूपीआयची मर्यादा आधीच बघून ठेवा.

या सगळ्यात पेशंटकडे दुर्लक्ष होतं, आणि मला सर्वात खटकतं ते हेच. डिस्चार्ज लिहिला की किचनकडून दुपारचं जेवण बंद होऊ शकतं. इन्सुलिनवरचा माणूस कपडे बदलून चार तास उपाशी बसतो. गेटपास मिळेपर्यंत डाएट चालू ठेवा असं सिस्टरना सांगा, आणि दुपारची औषधं कोण देणार तेही विचारा. सलाइनची सुई सकाळीच काढायला लावू नका. शेवटचं इंजेक्शन राहिलं असेल तर पुन्हा टोचावं लागतं.

पैशांच्या वादावरून पेशंटला अडवून ठेवता येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत हे स्पष्ट लिहिलंय. मंजुरी रखडलीच तर वादाची रक्कम भरून, मूळ बिलं, समरी, रिपोर्ट आणि इम्प्लांटचे स्टिकर घेऊन बाहेर पडा आणि रिइम्बर्समेंटला (भरलेले पैसे कंपनीकडून परत मिळवायला) टाका. मुदत पॉलिसीत दिलेली असते. उपचारादरम्यान मृत्यू झाला तर क्लेम तत्काळ निकाली काढून पार्थिव लगेच ताब्यात मिळवून देणं ही विमा कंपनीची जबाबदारी आहे, तेही याच सर्क्युलरमध्ये आहे.