अंगणातली पाटी आणि जेवणाचं टेबल

ओहायोहून एका आईचं पत्र आलंय. "आमच्या गावातल्या कॉलेजच्या पोहण्याच्या कोचला गेल्या महिन्यात काढून टाकलं. उन्हाळी शिबिरातल्या एका मुलाशी त्यांनी नको ते केलं, अशी तक्रार आहे. तो मुलगा आता तेवीस वर्षांचा आहे, बोलतोय आत्ता. इथे कोणाचाच विश्वास बसत नाही. आमचा धाकटा, वय तेरा, दोन उन्हाळे त्याच शिबिराला गेला होता. पाण्याची भीती त्या कोचनीच घालवली त्याची. आमच्या ह्यांनी कोचना परत घ्या म्हणून अर्जावर सही केली आणि घरासमोर पाठिंब्याची पाटीही लावली. सगळ्या गल्लीत लागल्यात, आपणच नाही लावली तर बरं दिसत नाही, असं म्हणतात. मला मात्र रात्र रात्र झोप नाही. शिवाय..."

शिवायनंतरचं आधी उरकते. लेकीला कॉम्प्युटर सोडून मानसशास्त्र घ्यायचंय, घेऊ द्या. सासूबाईंचा मुक्काम वाढवायचा असेल तर पासपोर्टावरच्या व्हिसाची तारीख बघू नका, आय-९४ वरची, म्हणजे अमेरिकेत शिरतानाच्या नोंदीवरची मुक्कामाची तारीख बघा, तिच्या आत अर्ज करा आणि वकिलाला विचारून करा. रविवारच्या मराठी शाळेला धाकटा कुरकुरतोय, तर हे वर्ष त्याला जबरदस्ती नको, घरात मराठी बोलत राहा. आणि हे शेवटचं मी घाईत सांगत नाहीये. आत्ता ह्या मुलाला "नाही" म्हणता येतंय आणि ते घरात ऐकलं जातंय, हे त्याला दिसायला हवं.

आता पाटीकडे येते. अहो, ती पाटी आजच्या आज काढा.

का, ते सांगायला मला २०११ च्या नोव्हेंबरात जावं लागेल. आमचा मुलगा तेव्हा पेन स्टेट विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होता. आम्ही हॅरिसबर्गजवळ राहायचो. पेनसिल्व्हेनियात राहिलेल्यांना जो पटर्नो कोण हे सांगायला नको. १९६६ पासून तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचे मुख्य कोच, नावावर ४०९ विजय, आणि खेळाडूंनी अभ्यास केलाच पाहिजे असा हट्ट. विद्यापीठाच्या लायब्ररीला त्यांचं नाव. आपल्या लोकांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नसलं तरी लायब्ररी कळते. मंडळाच्या दिवाळीत बायका म्हणायच्या, कोच असावा तर असा. मीही म्हणायचे.

५ नोव्हेंबरला मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या आरोपांवरून जेरी सँडस्कीला अटक झाली. पटर्नोंच्या हाताखाली वर्षानुवर्षं काम केलेला सहायक कोच. १९९९ मध्ये निवृत्त झाला होता, पण विद्यापीठात ये-जा तशीच चालू होती. घरात नीट आधार नसलेल्या मुलांसाठी त्याने १९७७ मध्येच 'सेकंड माइल' नावाची संस्था काढली होती, आणि त्या मुलांमधूनच तो एकेकाला हेरत होता. २००१ मध्ये एका तरुण सहायकाने त्याला शॉवरमध्ये एका लहान मुलाबरोबर पाहिलं. त्याने दुसऱ्या दिवशी पटर्नोंना सांगितलं. पटर्नोंनी वरिष्ठांच्या कानावर घातलं. वरिष्ठांनी पोलिसांना कळवलं नाही. अशी दहा वर्षं गेली.

९ नोव्हेंबरच्या रात्री विश्वस्तांनी पटर्नोंना फोनवरच काढलं. वय ८४. आणि हजारो मुलं रस्त्यावर उतरली. दिव्यांचे खांब पाडले, एका चॅनेलची गाडी उलटवली, पोलिसांनी मिरपुडीचे फवारे मारले.

आमच्याकडे मध्यरात्री फोन वाजला. "आई, डोळ्यांची आग होतेय." मागून नुसता कल्लोळ. मी विचारलं, तू तिथे काय करतोयस? तर म्हणाला, "एकसष्ट वर्षं दिली गं त्यांनी ह्या विद्यापीठाला. आणि फोनवर काढलं!" मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "खरंच रे, असं नव्हतं करायला पाहिजे. आधी घरी जा, डोळे गार पाण्याने धू." ज्यांच्यावर अत्याचार झाले त्या मुलांबद्दल तो काही बोलला नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सांगलीला दादाला फोन केला, तेव्हा हेच तावातावाने सांगितलं. म्हाताऱ्या माणसाची शोभा केली, निदान मान तरी राखायचा. पलीकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं लाइन गेली. मग दादा म्हणाला, "आपले व्यायामशाळेतले सर आठवतात तुला?"

पुढचं लिहायला दादाची परवानगी आहे. दादा तेव्हा अकरा वर्षांचा. मल्लखांबाला जायचा. एकदा त्याने आईला सांगितलं, मला आता तिथे जायचं नाही. आई म्हणाली, आळस पुरे. पुन्हा सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, गुरूबद्दल वेडंवाकडं मनात आणू नये. त्याच सुमारास गावात त्या सरांविषयी आणि दुसऱ्या एका मुलाविषयी कुजबुज उठली. रात्री जेवताना विषय निघाला. बाबांनी आमटी-भात कालवता कालवता सांगून टाकलं, "चार पिढ्या घडवल्या त्या माणसाने. लोक काय, काहीही बोलतात." दादा समोरच्या पाटावर होता. त्याने हातातला घास खाली ठेवला, एवढंच. बाबांचं लक्ष नव्हतं. आणि गुरुपौर्णिमेला आईने त्याच्या हातात नारळ आणि सव्वा रुपया देऊन त्याच माणसाच्या पाया पडायला पाठवलं.

हे त्याने मला सांगितलं तेव्हा तो अठ्ठावन्न वर्षांचा होता. आई-बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आमचे आई-बाबा वाईट नव्हते हो. पोटच्या पोराला कोणी हात लावला हे कळलं असतं तर बाबांनी त्या माणसाला गावाबाहेर काढलं असतं. पण ते कळायची वाट त्यांनी स्वतःच बुजवली, आणि तीही एका वाक्याने.

त्या फोननंतर स्टेट कॉलेजकडे, म्हणजे पेन स्टेटच्या गावाकडे बघण्याची माझी नजरच बदलली. मी तोपर्यंत रस्त्यावरची मुलं मोजत होते. मग मनात यायला लागलं, ह्या गावात आणि आसपासच्या गावांत त्या रात्री किती मुलं, किती मोठे झालेले पुरुष आपापल्या घरात टीव्हीसमोर बसून हा जयघोष ऐकत असतील? आपण तोंड उघडलं तर हे सगळे कोणाच्या बाजूने उभे राहतील, ह्याचं उत्तरच त्यांना मिळत होतं. आणि त्यांचा अंदाज चुकीचा नव्हता. ज्या मुलाच्या तक्रारीवरून तपास सुरू झाला, तो तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होता. पटर्नो तुझ्यामुळे गेले, असं म्हणून त्याला इतकं छळलं की त्याने ती शाळा सोडली. त्याआधी मार्च २०११ मध्येच हॅरिसबर्गच्या वर्तमानपत्रात ह्या चौकशीची बातमी छापून आली होती. आमच्या घरी ते वर्तमानपत्र यायचं. आम्ही वाचलं आणि पान उलटलं. बातमी देणाऱ्या तरुण मुलीला पुढच्या वर्षी पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

आणि आणखी एक गोष्ट, जी मी प्रत्येक आईला सांगते. सँडस्कीच्या स्वतःच्या घरात वाढलेला दत्तक मुलगा आधी चौकशीत म्हणाला होता, माझ्या बाबतीत काही घडलं नाही. खटला उभा राहिला, एकेक जण कोर्टात येऊन बोलायला लागला, आणि मग तो सरकारी वकिलांकडे गेला. दुसऱ्या कोणाचं तरी खरं मानलं जातंय, हे दिसल्याशिवाय आतलं बाहेर येत नाही.

तुम्ही लिहिता, "पण कोच निर्दोष असतील तर? माणसाला आयुष्यातून उठवायचं का?" हा प्रश्न योग्य आहे, मी तो उडवून लावणार नाही. पटर्नोंवर कधी खटला भरला गेला नाही, आणि कायद्याने जेवढं करायचं तेवढं त्यांनी केलं असं मानणारी शहाणी माणसं आजही आहेत. वरिष्ठांना सांगितलं की आपलं काम झालं, असाच तेव्हाचा तिथला कायदा होता. ह्या प्रकरणानंतर तो बदलला. २०१४ च्या अखेरीपासून पेनसिल्व्हेनियात शिक्षक, कोच, डॉक्टर अशांना थेट सरकारी यंत्रणेकडेच तक्रार नोंदवावी लागते. आपल्याकडेही २०१२ च्या पॉक्सो कायद्याने, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याने, कळवणं बंधनकारक केलंय. पटर्नो स्वतःही म्हणाले होते की मागे वळून बघता मी अधिक करायला हवं होतं. त्यानंतर अडीच महिन्यांत कर्करोगाने गेले. तुमच्या कोचचं खरं-खोटं तपास ठरवेल, कोर्ट ठरवेल. कोणी तुम्हाला त्यांच्या नावाने शिमगा करा म्हणत नाहीये. निकाल लागेपर्यंत थांबायचं, एवढंच. आणि पाटी लावून तुमच्या यजमानांनी निकाल आधीच देऊन टाकलाय, तोही अंगणात, जिथून मुलगा रोज शाळेच्या बसला जातो.

"सगळ्या गल्लीत लागल्यात" हे कारण तर मला सांगूच नका. आपण परक्या देशात आलो, चारचौघांत मिसळावं म्हणून काय काय केलं, ते मला माहीत आहे. हॅलोविनला भोपळे कोरले, दारात बर्फ साचला की शेजाऱ्याच्याही पायऱ्या झाडल्या. चांगलंच केलं. पण पोराच्या जिवाची गोष्ट आली की गल्लीकडे बघायचं नसतं.

तुमच्या पत्रात एक वाक्य अगदी शेवटी, कोपऱ्यात आहे. "हल्ली हा जेवताना गप्प असतो, पण तेराव्या वर्षी सगळेच असतात म्हणा." असतातही. त्यावरून मी काही निष्कर्ष काढत नाही, तुम्हीही काढू नका. पण मी सांगते तसं करा.

त्याला समोर बसवून, हात धरून, रडत रडत "तुला काही केलं का रे त्यांनी?" असं विचारू नका. आई कोसळेल ह्या धास्तीने मुलं "नाही" म्हणून मोकळी होतात. गाडीत बोला. तुम्ही पुढे रस्त्याकडे बघताय, तो खिडकीबाहेर बघतोय, अशा वेळी सोपं जातं. सांगा की बाबांनी पाटी लावली ती चूक झाली, आम्हाला काहीच माहीत नसताना आम्ही बाजू घेतली. हे बाबांनी स्वतः सांगितलं तर फारच चांगलं. सांगा की कोणत्याही मोठ्या माणसाबद्दल, आमच्या ओळखीचा असो, नातेवाईक असो, आम्हाला आवडणारा असो, तुला काही खटकलं तर आम्ही तुझं ऐकू, आणि उशिरा सांगितलंस म्हणून रागावणार नाही. एवढं बोलून गप्प बसा. उत्तर मागू नका. आठवड्याने, महिन्याने पुन्हा दार किलकिलं करा.

तो काही बोललाच, तर "त्याला जिवंत सोडणार नाही" असली भाषा घरात नको. मुलाला वाटतं आता आपल्यामुळे बाबा तुरुंगात जातील. "सांगितलंस, बरं केलंस, तुझी चूक नाही" एवढे शब्द पुरे. खोदून खोदून प्रश्न विचारू नका, ते काम शिकलेल्या माणसांचं आहे. कॉलेजच्या ऑफिसात तर आधी मुळीच जाऊ नका. पोलिसांना किंवा बालसंरक्षण खात्याला कळवा. कोणाला कसं कळवायचं ते समजत नसेल तर चाइल्डहेल्पची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १-८००-४२२-४४५३, रात्री-अपरात्रीही उचलतात. नुसती शंका असेल, तरी फोन करता येतो. आणि मुलांच्या डॉक्टरांना विचारून चांगला समुपदेशक शोधा. आपल्याकडे त्याची लाज वाटते, ती ह्या वेळी बाजूला ठेवा.

आमच्या मुलाचं पुढे काय झालं, तेही सांगते. दादाला विचारून मी त्याला मामाची गोष्ट सांगितली. तो फोनवर बराच वेळ काही बोलला नाही. शुक्रवारी, ११ तारखेला, ओल्ड मेन ह्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोरच्या हिरवळीवर त्या पीडित मुलांसाठी मेणबत्त्या घेऊन हजारोंनी मुलं जमली, त्यांत तो होता. ज्या गावाने बुधवारी गाडी उलटवली, तेच हे गाव. शनिवारी नेब्रास्काविरुद्धच्या सामन्याआधी दोन्ही संघ मैदानाच्या मध्यावर गुडघ्यांवर बसले आणि लाखावर माणसांचं ते स्टेडियम चिडीचूप झालं. आमचा मुलगा म्हणाला, एवढी शांतता तिथे मी कधी ऐकली नव्हती. थँक्सगिव्हिंगला घरी आला तेव्हा त्याच्या जाकिटाच्या बाहीवर मेणाचे डाग होते. मी ते इस्त्रीखाली टिपकागद ठेवून काढले. त्यानंतरच्या डिसेंबरात सांगलीला गेलो तर मामाबरोबर तो रोज सकाळी कृष्णेच्या घाटावर फिरायला जायचा. काय बोलत होते, मी विचारलं नाही.

पुढच्या जूनमध्ये सँडस्की ४८ पैकी ४५ आरोपांत दोषी ठरला. शिक्षा ३० ते ६० वर्षं. जुलैत पटर्नोंचा पुतळा हलवला, त्यांचे १११ विजय अधिकृत नोंदीतून पुसून टाकले गेले आणि २०१५ मध्ये परत दिले गेले. मंडळातले पुरुष त्या १११ वर अजूनही तासन्तास वाद घालतात. मी आता उठून आत जाते.

तुमच्या यजमानांना हे सगळं वाचायला द्या. वाद होईल, होऊ द्या, पण धाकटा पोहायला किंवा मित्राकडे गेलेला असताना. तो परत यायच्या आत पाटी निघालेली असू द्या.