बोर्डो पेस्ट लावण्याआधी

भाऊ, बोर्डो पेस्ट म्हणजे मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुना यांचा लेप. नुसतं मोरचूद पाण्यात कालवून संत्र्याच्या बुंध्याला फासू नका, साल भाजते. चुन्यानं त्याचा आम्लपणा मरतो आणि तांबं सालीला धरून हळूहळू काम करतं. डिंक्याची (बुंध्यातून डिंक गळण्याच्या रोगाची) बुरशी मातीतून पावसाच्या शिंतोड्यांबरोबर वर चढते, म्हणून लेप जमिनीपासून दोन-तीन फूट, कलमाच्या जोडासकट. एकदा मृगाआधी, एकदा पावसाळा सरल्यावर.

1 किलो मोरचूद 5 लिटर पाण्यात, 1 किलो कळीचा चुना दुसऱ्या 5 लिटरमध्ये. बादल्या प्लास्टिकच्याच, लोखंडी घमेलं चालत नाही. चुना विझताना खदखदतो, लेकरं लांब ठेवा. तो थंड झाला की दोन्ही एकत्र करा आणि घासलेला विळा थोडा वेळ बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी घाला. ही परीक्षा लोक टाळतात, अन् मग औषधाला नावं ठेवतात. पेस्ट त्याच दिवशी संपवा.

बादल्यांचं धुवण नाल्यात किंवा शेततळ्यात ओतू नका, मासे मरतात. वावरात मेंढ्या बसवत असाल तर आणखी जपा; तांबं त्यांना फार लवकर बाधतं. हातमोजे, चष्मा हवेतच. आणि डिंक आधीच गळत असेल तर सडलेली साल खरवडून मगच लेप लावा.