यवतमाळकडे काळ्या मातीवर घर बांधतो आहे; कोणत्या खोलीत कोणती फरशी बसवावी?

फरशी निवडण्याआधी तिच्याखालचा भराव पाहावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कारण आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि ती तशीच ठेवली तर महागडी टाइलसुद्धा सांध्यातून उचलली जाते. माती काढून मुरूम (भरावासाठीची खडीदार माती) थराथराने, पाणी मारून, धुमसून घट्ट बसवावा. ओसरीत व बैठकीत, जिथे गव्हाची पोती ओढली जातात, तिथे जाड कोटा फरशी टिकते व वैशाखातही तळपायांना थंड लागते. मात्र हा चुनखडीचा दगड असल्याने लिंबू-चिंचेचा डाग धरतो, म्हणून स्वयंपाकघरात व्हिट्रिफाइड टाइल (भट्टीत भाजलेली, जवळजवळ पाणी न शोषणारी) घ्यावी. न्हाणीत खरबरीत टाइल आणि दर मीटरला सुमारे दीड सेंटीमीटर उतार हवाच. माझी आई गुळगुळीत फरशीवरच घसरली होती.